गांजामहालातील पारखी

उत्तर बंगालात राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींस भिडतात, तेथील नौगाव या कसब्याच्या आसपासचा मुलूख एकोणिसाव्या शतकातील सरकारी दप्तरांत ‘गांजामहाल’ म्हणून नोंदला जात असे. या मुलुखात परवान्यावाचून कोणा रयतेस एक रोपही लावण्याची मुभा नव्हती. पीक हाती आले म्हणजे ते अबकारी खात्याच्या देखरेखीखाली नौगावच्या गोदामांत जमा होई, आणि ठरलेला महसूल चुकता झाल्यावरच तेथून देशोदेशी रवाना होई. या व्यवस्थेत कारकून, दरोगे आणि अंमलदार पुष्कळ होते. परंतु मालाचा कस ज्याच्या नजरेवर अवलंबून असे, तो मनुष्य सरकारच्या चाकरीत नव्हता. त्याला पोद्दार किंवा पारखदार म्हणत, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात तो ‘गांजाचा डॉक्टर’ म्हणून येतो.

या पारख्याची गरज वनस्पतीच्या स्वभावातूनच उत्पन्न झाली होती. भांगेच्या जातीत नर आणि मादी अशी दोन निरनिराळी झाडे असतात. ज्या राळेसाठी गांजाला बाजारात भाव येतो ती मादीच्या तुऱ्यांवर जमते, आणि तुऱ्यात बी धरले की त्याचा दर्जा उतरतो. नराचा पराग वाऱ्यावर दूरवर जात असल्यामुळे एका शेतात नजरचुकीने राहिलेले नराचे झाड शेजाऱ्याच्या शेताचेही नुकसान करू शके. म्हणून श्रावणात पेरलेले बी भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास रोपरूपाने शेतात लागले, शेणखत आणि पेंड खाऊन वाढले, आणि कार्तिकाच्या आसपास फुलोऱ्याची चाहूल लागली, म्हणजे पोद्दाराला बोलावणे जाई. तो सरीसरीने शेत पाहत जाई, आणि त्याने दाखविलेली झाडे निर्दयपणे उपटून टाकली जात.

तो नेमके काय पाहत असे? पानाचा देठ जेथे खोडास मिळतो त्या बेचक्यात नराला आखूड देठावर बारीक गोल गाठ धरते. मादीला त्याच जागी निमुळते वेष्टन येते आणि त्यातून पांढरे, केसासारखे दोन तंतू बाहेर डोकावतात. हा भेद प्रारंभी इतका सूक्ष्म असतो की तो ओळखण्यास सरावलेला डोळाच लागतो, आणि फुले उमलेपर्यंत वाट पाहावी तर पराग उधळलेला असतो. मराठेशाहीतील पोतदार जसा नाण्याचा कस पाहून खोटे नाणे खजिन्यात शिरू देत नसे, तसाच हा पारखी खोट शेताबाहेर काढीत असे. आणि त्याच्या निवाड्यावर रयतेचे वर्षाचे उत्पन्न व सरकारचा महसूल ही दोन्ही अवलंबून असत.

या पिकासंबंधी 1893 साली दोन मोठ्या चौकश्या झाल्या. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानातील शास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी बंगालमधील लागवडीवर आपला अहवाल सादर केला, आणि त्याच वर्षी मॅक्वर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थान सरकारने भांग, गांजा व चरस यांच्या तपासासाठी कमिशन नेमले. कमिशनने 1193 साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल प्रसिद्ध केला. माफक सेवनाने सामान्यतः अपाय होत नाही, सबब संपूर्ण बंदी आवश्यक वा इष्ट नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मुंबई इलाख्यातही अहमदनगर जिल्ह्यात गांजाचे पीक होते, आणि 1878 च्या अबकारी कायद्याने त्यावर नियंत्रण होते. पुढे 1917 साली नौगावच्या गांजा-उत्पादकांनी आपली सहकारी संस्था स्थापिली. फाळणीनंतर तो मुलूख पाकिस्तानात आणि मागाहून बांगलादेशात गेला, आणि 1987 साली तेथील कायदेशीर लागवड थांबली.

पोद्दाराची विद्या लिंगनिर्णयापुरती होती; झाडाच्या आजाराचे निदान तीत येत नसे. पान पिवळे का पडते, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर युरोपात अन्य मार्गाने शोधले जात होते. फ्रान्समध्ये यूझेब ग्री यांनी 1840 नंतरच्या काही वर्षांत फिकट पडलेल्या पानांना लोहक्षाराचे द्रावण देऊन ती हिरवी करून दाखविली. जर्मनीत युलियुस झाक्स यांनी 1860 च्या सुमारास मातीवाचून, केवळ क्षारयुक्त पाण्यात झाडे वाढविली. लोहाचा अंश नसलेल्या पाण्यात मक्याचे रोप लावले असता, बियातील शिदोरीवर पहिली काही पाने हिरवी निघतात, मागाहूनची फिकट होतात आणि शेवटी शेंड्याला पांढरी पाने येतात, असे त्यांस आढळले. या क्रमातच निदानाचे मर्म आहे. नत्र, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांस पुरवू शकते, म्हणून त्यांच्या उणिवेत खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह आणि चुना यांची अशी ने-आण होत नाही, म्हणून त्यांची उणीव शेंड्याला प्रकट होते. ब्रिस्टलजवळील लाँग ॲश्टन येथील टॉमस वॉलेस यांनी 1943 साली अशा लक्षणांचा रंगीत चित्रांसह ग्रंथ सिद्ध केला, आणि डोळ्याची विद्या सर्वांस सुलभ झाली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका आणि हॉलंड या देशांत भांगेची लागवड घरात, दिव्यांच्या प्रकाशाखाली होऊ लागली. कॅनडाने तर 2018 साली तिला कायद्याची मान्यता दिली. बंद खोलीत ऋतू, वारा आणि भूमी या तिन्हींची जागा मनुष्य घेतो, आणि त्यामुळे त्याची प्रत्येक चूक पानावर उमटते. तेथे सर्वांत मोठा धोका घाईच्या निदानाचा आहे. कुंडीतील पाणी अल्कधर्मी असेल तर लोह असूनही मुळांस ते घेता येत नाही. अतिपाण्याने मुळे गुदमरली तरी पान पिवळे पडते. दिवा फार जवळ असेल तर शेंडाच पांढुरका होतो. आणि पानाच्या पाठीवर कोळी असेल तर वरून बारीक ठिपके दिसतात. अशा वेळी खताची मात्रा वाढविणारा मनुष्य रोग्यास विष देतो. जुने पान की नवे, कडा की शिरांमधला भाग, पाठ की पोट, हे प्रश्न क्रमाने विचारल्यावाचून उपचारास हात घालू नये.

आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षबागांत ठरावीक अवस्थेतील, ठरावीक स्थानच्या पानाचे देठ काढून परीक्षणास पाठवितात. प्रयोगशाळेचे आकडे कितीही अचूक असले तरी ते निवडलेल्या देठापुरतेच खरे असतात, आणि चुकीच्या जागचा देठ गेला तर अचूक आकडाही बागाइतदाराची दिशाभूल करतो. यासाठी शेतीचा इतिहास लिहिणाऱ्याने कायदे, कर आणि उत्पन्न यांच्या बरोबरीने पारखीचीही नोंद ठेविली पाहिजे; कोणी कोणत्या अवयवाकडे, कोणत्या वेळी, कोणत्या क्रमाने पाहिले, हे लिहून ठेवलेले ज्ञानच पुढच्या पिढीस उपयोगी पडते.