‘लेडी बी गुड’

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिकांना विमानाचा नुसता नंबर पुरत नसे. नाकावर मोठ्या अक्षरांत नाव रंगवायचे, कुणी बायकोचं, कुणी सिनेमातलं. लिबियातल्या सोलुक तळावर नव्याने आलेल्या एका बी-२४ लिबरेटरचं नाव होतं ‘लेडी बी गुड’. गर्श्विन बंधूंच्या १९२४ च्या संगीत नाटकाचं हे नाव. आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘बाई, नीट वाग हं!’

४ एप्रिल १९४३ ला इटलीतल्या नेपल्स बंदरावर बाँब टाकायचे होते. लेफ्टनंट विल्यम हॅटन आणि त्याच्या आठ साथीदारांची ही पहिलीच मोहीम. नेपल्सवर अंधार आणि ढग, काम झालंच नाही. परतीला विमान एकटं पडलं. मध्यरात्रीच्या सुमारास हॅटनने रेडिओवर दिशा विचारली. आता गंमत बघा, म्हणजे दैवाची. त्या वेळच्या यंत्रावर विमान कुठल्या रेषेवर आहे ते कळायचं, पण तळाच्या अलीकडे की पलीकडे ते कळत नसे. तळावर धरून चालले की विमान अजून समुद्रावर आहे. प्रत्यक्षात ते तळ ओलांडून सहाराच्या वाळवंटात शिरलं होतं, आणि आत आत जातच राहिलं.

पेट्रोल संपत आलं तेव्हा सगळ्यांनी उड्या मारल्या. बाँब टाकणाऱ्या वोराव्हकाची छत्री नीट उघडली नाही. उरलेले आठ जण एकत्र जमले आणि समुद्र जवळच असेल या समजुतीने वायव्येकडे चालू लागले. समुद्र सहाशे किलोमीटरहून लांब होता! आठ जणांत अर्धी बाटली पाणी, माणशी दिवसाला एक झाकण. आपल्याकडे टँकर दोन तास उशिरा आला तर काय होतं ते सांगायला नको. ही माणसं सुमारे १३० किलोमीटर चालली. मग पाच जण थांबले, तिघे मदत आणायला पुढे गेले. सहवैमानिक रॉबर्ट टोनर रोज डायरीत दोन-चार ओळी लिहीत होता. १२ एप्रिलच्या शेवटच्या नोंदीत तक्रार आहे ती थंडीची.

आणि विमान? ते रिकामंच तरंगत जाऊन, उड्या मारल्या तिथून २६ किलोमीटर दक्षिणेला वाळूवर पोटाने उतरलं होतं. आत पाणी, खाणं, चालू स्थितीतला रेडिओ. पण ही माणसं उलट्या दिशेला निघालेली.

घरच्यांना वाटत राहिलं की ते भूमध्य समुद्रात बुडाले. १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्या एका विमानातून ते वाळूत पडलेलं दिसलं, १९५९ मध्ये लोक तिथे पोहोचले. थर्मासमधला चहासुद्धा पिण्याजोगा होता म्हणतात. १९६० मध्ये आठ जणांचे अवशेष मिळाले. तोफची व्हर्नन मूर तेवढा राहिला. विमानाचे अवशेष १९९४ मध्ये तोब्रुकजवळ नेऊन ठेवले.