एकोणतीसचा आकडा

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. पण रायगडात राहत असाल, घरात कुणी नववी-दहावीला असेल, तर वाचाच.

परवा शेजारची मुलगी वही घेऊन आली. दहावीला आहे. म्हणाली, "काका, रेणुवस्तुमान काढून पुढे त्याचं करायचं काय? दोन मार्कांना येतं एवढंच सरांनी सांगितलं." मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हाच प्रश्न मला किमान पंचवीस वर्षं दर जूनमध्ये यायचा आणि मी "परीक्षेला येतं" हेच उत्तर द्यायचो. आता निवृत्त झाल्यावर खरं उत्तर सुचलंय. ते सांगायला थोडा इतिहास लागतो.

आपला किनारा रसायनशास्त्राला नवीन नाही. माझे वडील पेणच्या खाडीवर मिठागरात कामाला होते. उधाणाचं पाणी बांधात घ्यायचं, एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडत न्यायचं, उन्हात आटवायचं. पाठ्यपुस्तकात याला बाष्पीभवन आणि स्फटिकीभवन म्हणतात आणि चंचुपात्राची आकृती असते. पण खरी गंमत आकृतीत नसते. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार, आणि ते सगळे एकदम खाली बसत नाहीत. आधी चुना, मग जिप्सम, मग आपलं मीठ, आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार अगदी शेवटी. म्हणून पाणी पूर्ण आटू द्यायचं नसतं. मीठ बसलं की ते ओढायचं आणि वरचं कडू पाणी सोडून द्यायचं. शास्त्रात मीठ बसायला लागायची खूण २५ अंश बोमे. वडिलांकडे बोमेमीटर नव्हता, ते पाण्याच्या रंगावरून आणि जिभेवरून सांगायचे. जे मीठ नीट धुतलं जात नाही त्याला पावसाळ्यात पाणी सुटतं, ते याच मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. शाळेची पायरी न चढलेला माणूस क्षार वेगळे करण्याचा प्रयोग दर उन्हाळ्यात एकरात करत होता. मी मात्र तो वर्गात फळ्यावर शिकवला. याची मला अजून लाज वाटते.

मग मोठे कारखाने आले. १९६० साली केंद्र सरकारने हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी काढली आणि पनवेलजवळ कारखाना उभा राहिला. त्या वस्तीचं नाव रसायनी पडलं, रेल्वे स्टेशनसुद्धा रसायनी. सगळ्या विषयांत चक्क स्टेशन मिळालेला हाच एक विषय असावा! तिथलं नायट्रोजन टेट्रॉक्साइड इस्रोच्या रॉकेटना जात असे. २०१७ मध्ये केंद्राने ते युनिट बंद करायचं ठरवलं, तेव्हा हा एक प्लांट तेवढा इस्रोकडे राहिला.

१९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं आणि आपल्या जिल्ह्याचं (तेव्हा कुलाबा, १९८१ पासून रायगड) नशीब फिरलं. समुद्रातला वायू उरणला आला आणि तिथून नळाने पुढे. थळ-वायशेतला आरसीएफचा खतकारखाना याच वायूवर उभा राहिला. मुंबईच्या पर्यावरणवाल्यांनी विरोध केला. गावात प्रश्न जमिनीचा आणि नोकरीचा होता. दोन्ही बाजूंनी खूप बोललं गेलं. पण कारखान्यात नेमकं काय होणार, हे अलिबागच्या एकाही चहाच्या टपरीवर कुणी समजावून सांगितल्याचं मला आठवत नाही.

सांगण्यासारखं मात्र होतं. हवेतला नायट्रोजन आणि नैसर्गिक वायूतून काढलेला हायड्रोजन, प्रचंड दाब आणि उष्णता देऊन एकत्र आणायचे की अमोनिया होतो. नायट्रोजनचा एक रेणू, हायड्रोजनचे तीन, त्यातून अमोनियाचे दोन. समीकरण संतुलित करायला शिकवतात ना, तेच. त्या अमोनियात कार्बन डायऑक्साइड मिसळला की युरिया. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हे प्रयोगशाळेत करून दाखवलं आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला कारखाना सुरू झाला. वास ओळखायचा असेल तर आपल्या आज्यांना विचारा. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा तेव्हा नाकात घुसायचा, तोच हा.

त्याच ओप्पाऊला २१ सप्टेंबर १९२१ रोजी खताच्या गोदामाचा स्फोट झाला आणि पाचशेहून जास्त माणसं गेली. खत दगडासारखं घट्ट व्हायचं, ते फोडायला कामगार डायनामाइट लावत. हजारो वेळा लावलं होतं, काही झालं नव्हतं. "आजवर काही झालं नाही" हे वाक्य मी शाळेच्या प्रयोगशाळेतही पुष्कळ ऐकलंय.

आता एकोणतीसकडे येतो.

हवा म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन. नायट्रोजनचं रेणुवस्तुमान २८, ऑक्सिजनचं ३२, प्रमाण धरून सरासरी २९. कोणताही वायू घ्या, त्याचं रेणुवस्तुमान काढा आणि २९ शी ताडून बघा. कमी असेल तर वर जाणार, जास्त असेल तर जमिनीलगत पसरणार. त्या दोन मार्कांच्या गणिताचा हा उपयोग! अमोनिया १७, हलका. मिथेन १६, हलका. क्लोरीन ७१, जड. घरच्या सिलिंडरमधला प्रोपेन ४४ आणि ब्युटेन ५८, दोन्ही जड. म्हणून गॅस गळला तर तो ओट्याखाली, फरशीवर साचतो, आणि नुसती वरची झडप उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं. आणि हो, त्या वेळी दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही.

भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जो वायू सुटला, त्या मिथाइल आयसोसायनेटचं रेणुवस्तुमान ५७. हवेच्या जवळजवळ दुप्पट. तो वस्तीतून जमिनीलगत सरकत गेला आणि माणसं वाऱ्याच्याच दिशेने पळाली. तोंडावर ओलं फडकं धरा आणि वाऱ्याला आडवे जा, एवढं सांगणारं त्यांना कुणी नव्हतं.

मग आपली पाळी आली. ५ नोव्हेंबर १९९०. नागोठण्याच्या आयपीसीएलच्या गॅस क्रॅकर संकुलात इथेन-प्रोपेनची गळती झाली आणि स्फोट झाला. तीसच्यावर माणसं गेली. इथेन ३०, प्रोपेन ४४. त्यात दाबाखालून सुटलेला वायू थंडगार असतो, म्हणजे आणखी जड. तो उडून जात नाही, ढगासारखा खाली बसून ठिणगीची वाट बघतो. मी तेव्हा नोकरीला नवीन होतो. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा एका मुलाने विचारलं, "सर, गॅस वर का नाही गेला?" मी म्हणालो, "धडा सहा पूर्ण कर." उत्तर त्याच धड्यात होतं, हे मला कळायला फार वर्षं लागली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर अर्ध्या ज्ञानाने घात व्हायचा. अमोनिया १७ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. टँकरमधला द्रवरूप अमोनिया फुटून बाहेर आला की अतिथंड तुषारांचा पांढरा ढग होतो आणि तो सुरुवातीला जमिनीलाच चिकटून चालतो. अमोनिया पाण्यात मात्र फार चटकन विरघळतो, म्हणून ओलं फडकं उपयोगाचं. डोळ्यात गेला तर साध्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवायचं, चोळायचं नाही.

पाण्यावरून आठवलं. नव्वदच्या दशकात एका शाळेत (नाव सांगत नाही) माझ्यासमोर एका मुलाने सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतलं. पाण्यात आम्ल, हळूहळू, ढवळत, हा नियम त्याने लिहून पाठ केला होता. पण वर्षभरात त्याने परीक्षानळी हातात धरली ती त्या दिवशी पहिल्यांदा. पाणी जागच्या जागी उकळलं आणि आम्ल उडालं. नळ उघडला तर नळाला पाणी नाही. शेवटी मुलांच्या पिण्याच्या पिंपातून तांब्याने ओतत राहिलो. डोळा वाचला, गालावर डाग राहिला. घटना नोंदवू नका असं मला सांगण्यात आलं आणि मी नोंदवली नाही. त्यानंतर त्या शाळेने काय केलं असेल? नळ दुरुस्त नाही केला. प्रयोगशाळेला कुलूप लावलं. मुलं प्रयोगवह्या एकमेकांच्या बघून उतरवायला लागली. न केलेल्या प्रयोगाची निरीक्षणं सुवाच्य अक्षरात. त्यातली काही मुलं पुढे रोह्याला, महाडला एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागली.

३ नोव्हेंबर २०२३ ला महाडच्या एमआयडीसीत एका औषधकंपनीत स्फोट होऊन अकरा कामगार गेले. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये थळला तिघे, सप्टेंबर २०१९ मध्ये उरणच्या ओएनजीसीत आगीत चौघे. प्रत्येक वेळी मदत जाहीर झाली, चौकशी जाहीर झाली, आणि आपण पुढच्या बातमीकडे गेलो.

कायदा नाही असं नाही. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम झाले. कारखान्यात मोठा अपघात झाला तर ज्यांना त्रास होऊ शकतो अशा बाहेरच्या लोकांना धोका काय आहे आणि त्या वेळी काय करायचं, काय नाही, हे आधी कळवायचं, असं त्यात स्पष्ट आहे. १९९६ च्या नियमांनी जिल्ह्याला आणि औद्योगिक पट्ट्याला आपत्ती गट नेमले. स्थानिक गटात प्रांत असतात, अग्निशमनवाले असतात, आरोग्य केंद्राचे डॉक्टर असतात आणि गावच्या सरपंचालाही जागा आहे. माझ्या ओळखीच्या दोन माजी सरपंचांना मी विचारलं. दोघांनाही ही खुर्ची आपली होती हे माहीत नव्हतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ग्रामसभेत हा विषय घ्या. कारखान्याकडून गावाला ती माहिती आली का, मराठीत आली का, शाळेत लावली आहे का, हे लेखी विचारा. शाळेत जाऊन बघा, प्रयोगशाळेचं कुलूप उघडं आहे का आणि नळाला पाणी येतं का. चष्मे विकत आणायला फार पैसे लागत नाहीत. ग्रामपंचायतीच्या खोलीत टीसीएल पावडरची पोती असतील, त्यांच्याशेजारी संडास धुवायचं ॲसिड ठेवलेलं नाही ना, तेही बघा. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन सुटतो. घरातही हाच नियम.

शेजारच्या मुलीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. २९ सांगितला, आणि टँकरवरच्या पाटीचे तीन आकडे लिहून दिले: १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ एलपीजी. वारा कुठून येतोय ते माडाच्या झावळ्या बघून ओळखायचं. दिवसा बहुतेक समुद्राकडून, रात्री उलटा.

रविवारी तिच्या घरच्यांबरोबर पेणला निघालो होतो. वडखळ नाक्यावर नेहमीप्रमाणे अडकलो. पुढे टँकर उभा. ती खिडकीतून वाकून पाटी वाचत होती. "काका, १०७५. चव्वेचाळीस ते अठ्ठावन्न. जड." मग ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, जरा अंतर ठेवा ना."