धंद्याची खूण

आमच्या आसेगावात माझे शाळेचे सदरे शिवणारे एक शिंपीकाका होते. ते गेले, तिसऱ्या दिवशी राख सावडली, आणि झालं. त्यांच्या कात्रीचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

इस्तंबूलच्या बालिक्ली भागातल्या ग्रीक चर्चविषयी वाचताना ते आठवले. तिथल्या अंगणात फरशी म्हणून जुन्या थडग्यांचे दगड बसवले आहेत. ऑटोमन काळातल्या साध्या धंदेवाईकांचेही त्यात आहेत. भाषा तुर्की, लिपी ग्रीक, आणि सोबत मृताच्या व्यवसायाची चिन्हं कोरलेली. त्याच शहरात मुसलमान पुरुषाच्या थडग्यावर दगडी पगडी असे. तिच्या घाटावरून हुद्दा कळे. १८२६ मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदने जानिसारी फौज मोडली, तेव्हा त्या शिपायांच्या टोप्या कोरलेले दगडही फोडले गेले. खूण किती बोलकी असते, ते राज्यकर्त्यांना बरोबर कळतं!

आपल्याकडे वीरगळ आहेत. खाली लढाई, पुष्कळदा सोडवून आणलेल्या गाई. मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. पण त्यासाठी बहुधा लढून मरावं लागे. ज्या पाथरवटाने तो दगड घडवला, त्याच्या छिन्नी-हातोड्याला त्यावर जागा नाही.

कष्टकऱ्यांच्या समाध्या आपण जपल्या त्या संतांच्या. तेरला गोरोबा कुंभार, अरणला सावता माळी. इथे हत्यार कोरायची गरजच नव्हती, धंदा नावातच होता. आणि चोखोबा! परंपरेनुसार ते आपल्या विदर्भातले, बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहुणाराजाचे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना १३३८ मध्ये ती भिंत कोसळली आणि मजूर ढिगाऱ्याखाली गाडले गेले. नामदेवांनी एकेक हाड कानाशी धरलं, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ते चोखोबांचं, अशी कथा आहे. ती हाडं पंढरपुरात महाद्वारासमोर ठेवली गेली. आत जायला त्यांच्या समाजाला १९४७ पर्यंत थांबावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

ही कथा लहानपणापासून ऐकतो आहे. आता मात्र माझं लक्ष त्या ढिगाऱ्याकडे जातं. ज्या हाडांतून काहीच ऐकू आलं नाही, तीही भिंत बांधणाऱ्यांचीच होती. ती मंगळवेढ्यातच राहिली.