संशयाचा दृष्टांत

न्यूयॉर्क शहरातील ब्रॉन्क्स भागात आयरिश कॅथलिक कामगारांची मोठी वस्ती होती. जॉन पॅट्रिक शॅन्ली यांचा जन्म १९५० साली तेथेच झाला. वडील मांसाच्या व्यवसायात कष्ट करीत, आई टेलिफोन ऑपरेटर होती. धर्मभगिनींच्या शाळेत त्यांनी अक्षरे गिरवली. पुढे मात्र एका कॅथलिक हायस्कुलातून त्यांना काढून टाकण्यात आले. न्यू हॅम्पशायरमधील, संत थॉमस मोर यांचे नाव धारण करणाऱ्या लहानशा शाळेने त्यांना आसरा दिला. त्यानंतर मरीन दलातील सेवा झाली आणि १९७७ साली न्यूयॉर्क विद्यापीठाची पदवी मिळाली.

१९८४ च्या 'डॅनी अँड द डीप ब्ल्यू सी' या नाटकाने त्यांच्याकडे रसिकांचे लक्ष वेधले. ब्रुकलिनमधील एका इटालियन-अमेरिकन कुटुंबाची कथा सांगणाऱ्या 'मूनस्ट्रक' (१९८७) या चित्रपटाच्या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर लाभले. १९९० साली त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाला मात्र यश आले नाही. पुन्हा दिग्दर्शनाकडे वळण्यास त्यांना अठरा वर्षे लागली.

मधल्या काळात, २००२ साली, बॉस्टनच्या ख्रिस्तसभेतील बाललैंगिक अत्याचारांची प्रकरणे उजेडात आली. दोषी धर्मगुरूंची एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात केवळ बदली होत राहिली, हे जगाला कळले. या पार्श्वभूमीवर २००४ साली शॅन्ली यांचे 'डाऊट' हे नाटक रंगभूमीवर आले. त्याला त्यांनी 'दृष्टांत' असे उपशीर्षक दिले.

नाटकाचा काळ १९६४, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा. शाळेच्या कडक मुख्याध्यापिका सिस्टर अलॉयशियस यांना फादर फ्लिन यांचा संशय येतो. शाळेतील एकमेव कृष्णवर्णीय मुलाशी त्यांचे वर्तन शुद्ध नाही, असे त्यांना वाटते. पुरावा नसतो. शेवटी फादरांची बदली होते, तीही बढतीवर! आणि खात्रीने बोलणाऱ्या सिस्टर अखेरीस स्वतःच संशयाने कोसळतात. फादर दोषी की निर्दोष, हे लेखक सांगतच नाही. या नाटकाला २००५ साली पुलित्झर व टोनी हे दोन्ही सन्मान मिळाले. २००८ साली शॅन्ली यांनीच त्यावर चित्रपट केला.

शाळेने हाकलून दिलेला हा मुलगा सूड घेण्यासाठी परतला नाही, हे आम्हांस विशेष वाटते. नाटक त्यांनी सेवाभावी धर्मभगिनींना अर्पण केले. त्यातील तरुण सिस्टर जेम्स ही व्यक्तिरेखा त्यांनी पहिलीतील आपल्या शिक्षिकेवरून रेखाटली. चित्रपटाच्या वेळी त्याच भगिनींनी मार्गदर्शनही केले. २०१६ साली न्यू हॅम्पशायरच्या दिवसांवर लिहिलेल्या नाटकाला त्यांनी 'प्रॉडिगल सन', म्हणजेच उधळ्या पुत्र, हे नाव दिले.

आम्हां धर्मगुरूंना हे नाटक अस्वस्थ करते. निर्दोष माणसावर किटाळ येऊ शकते, ही भीती खरी आहे. पण त्या भीतीपोटी लेकराचे गाऱ्हाणे झाकले गेले, तर ते पाप कोणाच्या माथी? बदलीने प्रश्न दूर जातो, सुटत नाही. पालकांनी विचारलेल्या प्रश्नाला श्रद्धेचा अभाव समजू नये. लेकरांच्या काळजीतून उठलेला संशय हीदेखील एक सेवाच आहे.