भाता कोण हलवणार?

रेल्वे वर्कशॉपच्या लोहारशाळेत मी उमेदवारी केली, म्हणून यूजेन क्रिस्तोफ हा फ्रेंच सायकलपटू मला आपल्यातलाच वाटतो. १९१३ च्या तूर द फ्रान्स शर्यतीत तूरमाले घाटात त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क तुटला. परकी मदत घ्यायला बंदी! सायकल खांद्यावर टाकून दहाहून अधिक किलोमीटर चालत त्याने एका गावची लोहारभट्टी गाठली व स्वतःच फोर्क सांधला. एका हातात सांडशी, दुसऱ्यात हातोडा. भाता कोण हलवणार? एका पोराने हलवला, तर पंचांनी दहा मिनिटांचा दंड ठोकला! तरी शर्यतीत सातवा आला. १९१९ मध्ये तूरची पहिली पिवळी जर्सी त्यालाच मिळाली. शेवटून दुसऱ्या टप्प्यात फोर्क पुन्हा तुटला, तिसरा आला. पुढे नियम सैल झाले. आज मागच्या मोटारीतून अख्खी सायकल मिळते.