ब्रुसेल्सचे लोकगृह

ज्ञातिगृहासाठी पै-पै जमविणाऱ्या आपणांस ही हकीकत ठाऊक असावी. बेल्जियमच्या राजधानीत, सहकारी पावभट्टीपासून वाढलेल्या कामगार चळवळीने बांधविलेले लोकगृह १८९९ साली खुले झाले. वास्तुशिल्पज्ञ व्हिक्टर होर्ता यांनी उतारावरील वेड्यावाकड्या जागेत लोखंड व काच यांची वास्तू रचिली. कोंदट खोल्यांत राहणाऱ्या मजुरांस हवा व उजेड हीच खरी चैन, हा त्यांचा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. खाली उपाहारगृह व दुकाने, मध्ये कचेऱ्या, आणि सर्वांत वर सुमारे २,००० माणसांचे सभागृह! (जिने चढतानाच निम्मे भाषण होत असेल.)

१९६५ साली ७०० हून अधिक वास्तुशिल्पज्ञांचा निषेध डावलून ते पाडण्यास आरंभ झाला. तेथे कचेऱ्यांचा मनोरा उभा राहिला. पुन्हा उभारण्याच्या आशेने राखलेले लोखंडी भाग पुढे विखुरले, कित्येक भंगारात गेले. काही अँटवर्पच्या एका उपाहारगृहात बसविण्यात आले.