अ‍ॅन आर्बरचे घराणे : मिशिगन विद्यापीठाच्या डायव्हिंग संघामागचे गुरू

आजचा थ्रेड थोडा दूरदेशीचा आहे. गायकीची घराणी आपण जाणतो. कोण कोणाचा शागीर्द, कोणी कोणाकडून काय उचलले, यावर रात्री जागवतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन डायव्हिंगलाही असेच एक घराणे लाभले. (पाण्यात ‘सूर’ मारणाऱ्यांना घराणे असावे, हा मराठीचा योगायोग मला फार आवडतो.)

आधी एक व्यवस्था समजून घ्या. अमेरिकन विद्यापीठांत पोहणे आणि डायव्हिंग मिळून एकच संघ असतो. डायव्हरने मिळवलेले गुण संघाच्या एकूण गुणांत जमा होतात. मुख्य प्रशिक्षक बहुधा पोहण्याचा आणि डायव्हिंग शिकवणारा त्याचा सहायक. त्यामुळे चषकाबरोबर इतिहासात नाव जाते ते पहिल्याचे. दुसऱ्याचे नाव शोधायचे असेल, तर त्याच्या शिष्यांच्या मागे जावे लागते.

घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाचे माइक पेपे. १९३१ ते १९६३ या काळात त्यांच्या संघाने ११ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. ते मुख्य प्रशिक्षक होते, तरी डायव्हिंगकडे त्यांनी सावत्रपणे पाहिले नाही. उलट तेच त्यांचे हुकमी अस्त्र ठरले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्प्रिंगबोर्डचे सुवर्ण ब्रूस हार्लन यांना आणि रौप्य मिलर अँडरसन यांना मिळाले. दोघेही पेपेंचे विद्यार्थी. अँडरसन तर महायुद्धातले वैमानिक. इटलीवर विमान सोडून उडी घेताना त्यांचा पाय जवळजवळ निकामी झाला होता. त्या पायाने त्यांनी ही विद्या पुन्हा पहिल्यापासून शिकून घेतली.

हार्लन पुढे प्रशिक्षक झाले, तेही कुठे? ओहायोचे हाडवैरी मानल्या जाणाऱ्या मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बर येथे. १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे मिशिगनने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. मुख्य प्रशिक्षक म्हणून नोंद गस स्टॅगर यांची आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्या गुणसंख्येत हार्लन यांच्या शिष्यांचा वाटा मोठा होता.

१९५९ च्या उन्हाळ्यात कनेटिकट राज्यात डायव्हिंगचे एक प्रदर्शन झाले. कार्यक्रम संपल्यावर उंच मचाण उतरवताना हार्लन खाली कोसळले आणि मरण पावले. वय अवघे ३३. उंचीवरून पडण्याचेच शास्त्र ज्याने आयुष्यभर शिकवले, त्याचा अंत असा व्हावा, यावर भाष्य करण्याचे धाडस माझ्याने होत नाही.

त्यांची गादी चालवली त्यांच्याच शिष्याने, डिक किंबॉल यांनी. किंबॉल यांनी ती चार दशके सांभाळली. ते स्वतः ट्रॅम्पोलिनमध्येही निष्णात होते, आणि त्यांच्या अध्यापनाचे मर्म मला तिथेच दिसते. पाण्यावर चुकीची उडी आपटली की शरीर भीती लक्षात ठेवते. तंत्र शिकायचे राहून जाते. म्हणून आधी कोरड्या जमिनीवर तयारी. शिष्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर छतावरच्या कप्पीतून येऊन गुरूच्या हाती. कोलांट्या चालू असताना शरीर नेमके केव्हा उलगडायचे, हे गुरू ओरडून सांगतो. चुकले तर दोर ताणून सावरतो. पुस्तकात न मावणारी विद्या ती हीच. त्या क्षणाचे भान हाताकडून हाताकडेच जाते.

बॉब वेब्स्टर यांनी १९६० आणि १९६४ अशी दोन प्लॅटफॉर्म सुवर्णपदके मिळवली. ते मिशिगनचे, मात्र त्यांच्या घडणीचे श्रेय कॅलिफोर्नियातील डॉ. सॅमी ली यांनाही द्यावे लागते. १९७६ चे स्प्रिंगबोर्ड विजेते फिल बॉग्ज हेदेखील किंबॉल यांच्याच तालमीतले.

परंतु या घराण्याची सर्वांत विलक्षण शिष्या म्हणजे मिकी किंग. त्या मिशिगनमध्ये शिकत होत्या तेव्हा तिथे स्त्रियांसाठी विद्यापीठाचा अधिकृत संघच नव्हता. तरीही किंबॉल यांनी त्यांना शिकवले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्या आघाडीवर असताना एका उडीत हात फळीवर आदळून मोडला. मोडक्या हाताने त्यांनी शेवटची उडीही मारली आणि चौथ्या आल्या. चार वर्षांनी म्युनिकमध्ये, हात मोडणारी तीच उडी यशस्वी करून त्यांनी सुवर्ण जिंकले.

माझ्या मते खरा इतिहास त्यानंतर घडला. किंग हवाई दलात अधिकारी होत्या. १९७३ मध्ये त्यांची नेमणूक कोलोरॅडोतील हवाई दल अकादमीत डायव्हिंग प्रशिक्षक म्हणून झाली. त्या वेळी या अकादमीत मुलींना विद्यार्थी म्हणून प्रवेश नव्हता. तो मिळाला १९७६ मध्ये. जिथे स्वतः शिकू शकल्या नसत्या, तिथे त्या मुलांना शिकवत होत्या. १९७४ मध्ये त्यांचा एक शिष्य राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेता झाला. पुरुष खेळाडूला हे विजेतेपद मिळवून देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री प्रशिक्षक. पेपे, हार्लन, किंबॉल आणि आता किंग: घराण्याची चौथी पिढी.